तुम्ही विचारलंत म्हणून: थ्रीडी असताना ड्राफ्ट्समन कशाला?

एक्झिबिशन स्टॉलचं थ्रीडी चित्र तयार असतं, गिऱ्हाइकानं पासही केलेलं असतं. मग ड्राफ्ट्समन, म्हणजे बांधणीसाठी मापांची ड्रॉइंग काढणारा, नेमकं करतो काय, असं बरेच जण विचारतात. चित्रातल्या भिंतीला बहुतेक वेळा जाडीच नसते. ती त्याला द्यावी लागते.

6 बाय 3 मीटरचा, फक्त समोरून उघडा स्टॉल घ्या. भिंत म्हणजे 50 मिमीची लाकडी फ्रेम आणि दोन्ही अंगांना 6 मिमी प्लाय, झाली 62. डावी-उजवी मिळून 124 गेले, म्हणजे मागची भिंत आतून 5876 उरली. ग्राफिकवाल्याकडे 6000ची फाइल गेली की कंपनीच्या नावाचं शेवटचं अक्षर कोपऱ्यात गडप. शिव्या मात्र छापणाऱ्याला बसतात. प्लाय 8 बाय 4 फुटांचा, म्हणजे 1220 मिमी रुंद. एका टोकापासून लावत सुटलात तर चार पूर्ण शीट आणि शेवटी 996ची पट्टी. त्यापेक्षा 1175चे पाच सारखे भाग पाडा. मधोमध सांधा येत नाही, आणि लोगो तिथेच असतो.

दुसरा घोळ टेपचा. गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात जागा मीटरमध्ये मिळते, सुतार बोलतो फूट, इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). 3 मीटर म्हणजे 9 फूट 10 इंच 1 सूत. तोंडी सांगताना त्याचे ‘10 फूट’ होतात, 48 मिमी वाढतात, आणि शेजारचा स्टॉल आधी उभा राहिला असेल तर हॉलमध्ये रात्री करवत चालवावी लागते. म्हणून ड्रॉइंगवर मिमीखाली फूट-इंचही लिहा. 6 मीटरचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं ड्रॉइंग, 1:20ला 300 मिमीचं होतं, ए3वर बसतं. पण कोणीतरी ‘फिट टू पेज’ करून प्रिंट काढतंच. तेव्हा कागदावर पट्टी लावून कुणाला माप काढायची वेळ येऊ नये, प्रत्येक माप आकड्यात हवं.

उंची नेहमी हॉलच्या फरशीपासून. 100चा प्लॅटफॉर्म आणि त्यावर 2440ची भिंत म्हणजे 2540. आयोजकांची मर्यादा 2500 असेल तर तुम्ही बाहेर.

55 इंची टीव्ही 55 इंच रुंद नसतो! तो आकडा कर्णाचा. नुसता पडदा 1218 बाय 685, वर चौकट. खाच पाडायची तर आधी मॉडेल मागवून घ्या. 6 मिमी प्लायवर स्क्रू धरत नाही, त्यामुळे ब्रॅकेटमागे 18 मिमी प्लायचा तुकडा सेक्शनमध्ये, म्हणजे भिंत कापून आतलं दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, दाखवा, फ्रेमला धरून. तो थ्रीडीत कधीच दिसत नाही.

लाइटच्या प्लॅनवर पॉइंटसोबत वॅटही लिहा. 30 वॅटचे 12 स्पॉट म्हणजे 360, टीव्हीचे दीडेकशे. एवढ्यावर आयोजकांकडे 1 किलोवॅट मागितला जातो. मग पहिल्या सकाळी कोणीतरी 1500 वॅटची किटली लावतं आणि एमसीबी पडते. किटलीचा पॉइंट स्टोअरमध्ये आधीच काढून ठेवा आणि तिचे वॅटही मागणीत धरा.