तांबं गेलं, धार आली

आमच्या चोपडा तालुक्याकडचा कारखाना बंद पडला तेव्हा मी डिस्टिलरीत फिटर होतो. पहिल्या पावसाळ्याआधीच तांब्याच्या नळ्या भंगारात गेल्या. कुणी नेल्या ते सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही.

परवा नातवानं मोबाईलवर स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कची रोझबँक ही व्हिस्की गाळायची डिस्टिलरी दाखवली. कालव्याकाठची, १९९३ला बंद पडलेली. पुढे तिचीही तांब्याची भांडी चोरीला गेली. म्हणजे तिकडेही आपलेच भाऊबंद! पण त्यांनी जुन्या नकाशांवरून तीन भांडी नव्यानं घडवली. तीनदा गाळायचं, वाफ थंड करायला पाण्याच्या हौदात तांब्याची वेटोळी नळी. सातपुड्यात मोहाची गाळतात, तिथंही वाफेला गार पाणीच लागतं.

२०२३ मध्ये पुन्हा धार सुटली. मी पीत नाही, पण नळीचा तो सांधा झूम करून तीनदा पाहिला. झाळकाम झकास.