"कव्हय येई तुना प्रोसेसर?"

डिसेंबर २०२५, रविवारी रात्री काकांच्या मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या काट्यांचा जाळ, त्यात पांढरट-हिरवी लांब वांगी, बाजूला काकू कळण्याच्या पुऱ्या तळतायत, आणि मी एका हाताने वांगं सोलतोय, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलच्या काचेवर राख, बोटांना वांग्याचं पाणी. कुणीतरी इंटेलच्या पुढच्या, पँथर लेक नावाच्या लॅपटॉप प्रोसेसरच्या म्हणजे चिपच्या टेस्टचे आकडे फोडले होते, ते मी वाचत होतो. वडिलांनी दोन-तीन वेळा माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या भाऊबंदांसमोर अहिराणीत विचारलं, "कव्हय येई तुना प्रोसेसर?" म्हणजे कधी येणार तुझा प्रोसेसर?

सगळे हसले. मीही हसलो. पण वडिलांचं बोलणं संपलं नव्हतं. "कापूसना मायक करू नको," कापसासारखं करू नको, एवढं म्हणून ते कांद्याची पात चिरायला लागले.

हे वाक्य का लागलं, ते सांगायला तीन वर्षं मागे जावं लागेल. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाने क्विंटलला बारा हजारांच्या वर उडी मारली. ज्यांनी आधीच विकला ते हळहळले. आमच्या घरी तर दिवाळीतच सगळा गेला होता. म्हणून पुढच्या हंगामात वडिलांनी ठरवलं, यंदा घाई नाही. सुरुवातीला नऊच्या आसपास भाव होता, तरी दिला नाही. समोरची खोली छतापर्यंत भरली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. कापसाने अंगाला खाज सुटते हे मला माहीत होतं, पण झोपेतसुद्धा सुटते हे तेव्हा कळलं. आई पोरांना त्या खोलीकडे फिरकू देईना. रोज कुणीतरी पारावरून बातमी आणायचं, पुढच्या महिन्यात वाढणार. शेवटी पेरणी तोंडावर आली, बियाण्याला पैसे हवे होते आणि सगळा माल सातच्या आत-बाहेर गेला. आमच्या धरणगाव-एरंडोल भागात त्या वर्षी बऱ्याच घरांत हेच झालं.

आता माझा कापूस. मी लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग करतो. माझा लॅपटॉप जून २०१७ चा, आय-सेव्हन ७७००एचक्यू. चार कोअर, म्हणजे एका चिपमधले चार कामगार, मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ. जळगावच्या ज्या दुकानातून घेतला त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, पुढची दोन वर्षं यापुढे काही येत नाही भाऊ. दोन महिन्यांत, २१ ऑगस्टला इंटेलने आठवी जनरेशन काढली, अमेरिकेत सूर्यग्रहण होतं नेमका तोच दिवस धरून. पातळ लॅपटॉपमध्ये जिथे दोन कोअर मिळायचे तिथे चार आले. एप्रिल २०१८ मध्ये माझ्या जातीच्या जाड लॅपटॉपना सहा कोअर मिळाले. इथपर्यंत मी गिळलं. पण २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्याने रेघ ओढली ती बरोबर आठव्या जनरेशनवर. माझं सातवं, म्हणून बाहेर. दोन महिने थांबलो असतो तर!

त्या दोन महिन्यांनी माझी आठ वर्षं खाल्ली. तेव्हापासून मी थांबणारा माणूस झालो.

थांबण्यातही माझं नशीब बघा. इंटेलची १० नॅनोमीटरची, म्हणजे आणखी बारीक ट्रान्झिस्टरांची चिप मुळात २०१६ ला यायची होती. आली मे २०१८ मध्ये, तीही एकुलती एक आय-थ्री, ग्राफिक्स बंद केलेली. नाव कॅनन लेक. लग्नाला वाजतगाजत निघालेली वरात आणि मांडवात पोचला फक्त वाजंत्रीवाला, अशातली गत. खरा माल, आइस लेक, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. मग म्हटलं, मेटिओर लेक येऊ दे. तो १४ डिसेंबर २०२३ ला आला, नावातला आय गेला आणि अल्ट्रा लागला. मग लुनार लेक, सप्टेंबर २०२४, बर्लिनमध्ये. मग लॅपटॉपमधला ॲरो लेक, जानेवारी २०२५. दर वेळी मी म्हणायचो, हा ठीक आहे, पण पुढचा बघू.

मधल्या काळात काम काही थांबलं नाही. २०२२ ला सोनीचा ए-सेव्हन-फोर कॅमेरा घेतला आणि तिथून खरा त्रास सुरू झाला. तो १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, एच.२६५ पद्धतीने दाबलेलं फुटेज देतो. रंग सुंदर, हळदीचा पिवळा पिवळाच राहतो, नारंगी होत नाही. पण माझ्या लॅपटॉपला हे फुटेज उलगडता येत नाही. त्याच्या क्विक सिंकला, म्हणजे चिपमधल्या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला, १०-बिट कळतं, पण कमी रंगमाहितीच्या ४:२:० पर्यंतच. ४:२:२ आलं की सगळा भार कोअरवर. एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर प्ले दाबलं की नवरी पायरी चढते, थांबते, एकदम बोहल्यावर दिसते. म्हणून रात्री सगळ्या क्लिपांच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला बनवायला लावून झोपायचं आणि सकाळी कामाला बसायचं. लाइट गेली तर ती रात्रही वाया.

त्यात मे महिना. ज्यांनी मे महिन्यात खान्देशात दुपारी लॅपटॉप चालवला नाही त्यांनी मला थर्मल डिझाइन शिकवू नये. बाहेर ४५, खोलीत ३९-४०, चिपची मर्यादा १००. पंखा किंचाळतो आणि चिपचा वेग २.८ गिगाहर्ट्झवरून घसरत घसरत कधी कधी थेट ८०० मेगाहर्ट्झवर येतो. मी लॅपटॉप खिडकीतल्या कूलरसमोर ठेवून पाहिला. दोन दिवसांत की-बोर्डाखाली ओल धरली, आणि ई हे अक्षर अजूनही दोनदा उमटतं. आता जिथे पूर्वी कापूस होता त्या खोलीत दुपारी तीनपर्यंत काहीच रेंडर लावत नाही.

तर मी इंटेलच का बघतो, असं पुण्यातला चुलतभाऊ नेहमी विचारतो. त्याचं म्हणणं, मॅक घे, झंझट मिटव. मॅकला ४:२:२ जमतं, कबूल, एम-वन चिपपासून जमतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम-फाइव्हही आला. पण एडियस मॅकवर चालत नाही, आणि माझी दहा वर्षांची प्रोजेक्टं, टायटलं, गाण्यांवर बसवलेले कट सगळे एडियसमध्ये आहेत. ग्राफिक्स कार्डांत एनव्हिडियाने हे डिकोडिंग द्यायला सुरुवात केली ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. इंटेलच्या लॅपटॉप चिपांत ते त्याच्या काही वर्षं आधीपासून आहे. गोष्ट एवढी सरळ आहे.

आता त्या पँथर लेककडे येतो, ज्याच्यामुळे वांगं करपलं. ऑक्टोबरमध्ये इंटेलने त्याची सगळी रचना सांगितली. ॲरिझोनातल्या नव्या चिप कारखान्यात, १८ए नावाच्या प्रक्रियेवर. यातली मला आवडलेली भानगड म्हणजे वीज मागून देणं. आजवर चिपवर विजेच्या तारा आणि सिग्नलच्या तारा, दोन्ही ट्रान्झिस्टरच्या एकाच बाजूने जायच्या, एकमेकींच्या पायात. यात वीज खालच्या बाजूने नेली आणि वरची बाजू सिग्नलला मोकळी सोडली. रावेरकडच्या एखाद्या केळीवाल्याला हे एका वाक्यात कळेल: पाण्याची लाइन जमिनीखाली घातली की घड वाहणाऱ्यांना रस्ता मोकळा. मोठ्या चिपांत १६ कोअर आहेत, चार दमदार, आठ मधले, चार अगदी कमी विजेवर चालणारे. एका प्रकारात ग्राफिक्सचे १२ कोअर. माझ्या मे महिन्याला हेच हवं: तेवढंच काम, कमी ताप.

पण कधी? कंपनीचं म्हणणं, पहिला माल २०२५ च्या अखेरीस निघेल आणि जानेवारी २०२६ पासून सगळीकडे मिळेल. ६ जानेवारीपासून लास वेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन आहे, म्हणजे लॅपटॉप तिथे दिसणार यात फारशी शंका नाही. तारखांचा अंदाज बांधणारे लोक यापलीकडेही खूप काही करतात. लिनक्स या सर्वांना खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये नवीन चिपचं नाव कधी आलं ते बघतात, परदेशी दुकानांनी चुकून टाकलेली किंमत पकडतात, जहाजाच्या कागदांवरचे नमुन्यांचे नंबर जुळवतात. मी हे सगळं वाचतो आणि मला पारावरची माणसंच आठवतात. मृगाचा बेडूक वाहन आहे की कोल्हा, त्यावरून पाऊस सांगणारी. फरक एवढाच की लिनक्सवाल्यांचं बऱ्याचदा खरं निघतं.

मी माझ्यापुरता एक हिशोब मांडलाय. प्रत्येक चिपला तीन तारखा असतात. पहिली, स्टेजवर हातात धरून दाखवण्याची. दुसरी, पहिला महागडा लॅपटॉप कुठेतरी विकायला येण्याची. तिसरी, जळगावच्या गोलाणी मार्केटात माझ्या बजेटमधलं मॉडेल काचेवर उभं राहण्याची. बातम्या पहिल्या तारखेच्या असतात, खिसा तिसरीचा. गेल्या वेळी ॲरो लेकची घोषणा जानेवारीत झाली आणि मला जळगावात त्या चिपचा पहिला लॅपटॉप दिसला तो आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया उलटल्यावर, तोही दीड लाखाच्या वरचा. लाखाच्या खाली यायला दिवाळी उजाडली. याच चालीने पँथर लेक माझ्या ऐपतीत पोचायला पुढची दिवाळी. म्हणजे अजून एक मे महिना याच यंत्रावर.

आणि दुसरी गोष्ट रॅमची. इथे कापसाचा हिशोब उलटा फिरतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्यांच्या रॅमचे भाव दिवाळीपासून सुटलेत. ३ डिसेंबरला तर मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की क्रूशियल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं ते बंद करणार. क्रूशियलची स्टिक आमच्याकडच्या प्रत्येक मिक्सिंगवाल्याच्या पीसीत आहे. म्हणजे उद्याची चिप चांगली असेल, पण तिच्या शेजारची ३२ जीबी मेमरी आजच्या भावात मिळणार नाही. वडिलांनी भाव वाढेल म्हणून थांबून नुकसान केलं. मी भाव उतरेल म्हणून थांबून करीन.

म्हणून मागच्या आठवड्यात तीन-चार दुकानांत फोन फिरवले. एका ठिकाणी विचारलं, प्रोसेसर कोणता? "अल्ट्रा सेव्हन आहे भाऊ, लेटेस्ट." पुढे काय? "२५५." २५५ नंतर अक्षर कोणतं? पलीकडे शांतता, मग खोका फिरवल्याचा आवाज. यू निघाला. लोकहो, हे अक्षर वाचा. २५५एच मध्ये १६ कोअर आणि ॲरो लेक, २५५यू मध्ये १२, त्यातले दमदार फक्त दोन. २५८व्ही म्हणजे लुनार लेक, आठ कोअर, ३२ जीबी मेमरी चिपलाच चिकटलेली, नंतर वाढवता येत नाही. आणि नावात अल्ट्रा नसलेला कोअर सेव्हन २४०एच म्हणजे जुना रॅप्टर लेक, नवीन कपडे घालून. वाईट नाही तो, पण नवा म्हणून पैसे देऊ नका.

२५५एच, ३२ जीबी, एक टीबी असा एकच नग दुसऱ्या दुकानात निघाला. जुन्या स्टॉकचा आहे, जुन्या भावात देतो म्हणाले, पण आठवडाभरच धरून ठेवतील. हजार रुपये पाठवून दिले.

आईला सांगितलं तर तिने आधी कॅलेंडर पाहिलं. या गुरुवारी, १८ तारखेला, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. त्यानंतर दोन-तीन दिवसांत पौष, आणि पौषात नवी वस्तू घरात आणायची नाही. लग्नंही नाहीत. लास वेगासचा सगळा तमाशा पौषातच येतोय, हे तिला सांगितल्यावर म्हणाली, बघ. जणू इंटेलनेच पंचांग पाहायला हवं होतं. तेव्हा गुरुवारी सकाळच्या गाडीने जळगाव, आणि संध्याकाळी घटाच्या नैवेद्याआधी परत.

रात्री मात्र जागरण आहे. जुन्या लॅपटॉपवर अडीच टीबी डेटा, आणि तो काढून घ्यायचाय शुक्रवारी सकाळच्या आत. कारण शुक्रवारी वडिलांचा कापूस सरकारी खरेदी केंद्रावर जायचाय. यंदा त्यांनी एक दिवससुद्धा घरात ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० ठरलाय, पण आधी ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो, आणि ते ॲप माझ्याच मोबाइलवर आहे. रविवारी शेकोटीजवळ मी आकडे वाचत होतो तेव्हा वरून त्याचाच मेसेज आला होता. वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली, वेळ वाचली, आणि मोबाइल परत देताना स्क्रीनवरची राख सदऱ्याने पुसून दिली.