आमची वाटचाल : उरलेल्या वाटीभर वरणापासून

२०१६ साली आम्ही दोघी मैत्रिणींनी पुण्यात काम सुरू केलं ते खानावळींसाठी. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या मेस आहेत. तिथली कुपनं, खाडे, बाकी असं सगळं वहीत चालायचं, ते आम्ही मोबाइलवर आणलं. दुपारी तीनच्या सुमारास हिशेब जुळवायला बसलं की समोरच पातेली रिकामी होताना दिसायची. तळाला राहिलेला भात, उसळ, वाळत चाललेल्या पोळ्यांची चळत. एक काकू अन्न टाकायच्या आधी पातेल्याला हात लावून नमस्कार करायच्या. "अगं, जिवावर येतं टाकायला. पण तेच रात्री वाढलं तर पोरं ताट सरकवतात," असं म्हणायच्या. त्यांचा तो नमस्कार मनातून गेला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मुलं गावी गेली आणि मेसना कुलपं लागली. आमचं उत्पन्न थांबलं. त्या दिवसांत भाजी मिळेल तेव्हा आणायची आणि पुरवायची, असं सगळ्यांकडेच चाललं होतं. आमच्याकडे आईने दोडक्याच्या शिरासुद्धा टाकू दिल्या नाहीत, तीळ घालून चटणी केली. उरलेल्याचं काय करायचं ते सांगणारं ॲप करू, हे त्या चटणीवरून सुचलं.

पहिला आराखडा साफ चुकला. घरात काय काय आहे त्याची यादी भरा, आम्ही पदार्थ सुचवतो, अशी कल्पना होती. ओळखीच्या वीसेक घरांत दिलं आणि दहा दिवसांत सगळ्यांनी भरणं सोडलं. सकाळी तीन डबे भरणारी बाई "गवार पाव किलो" असं टाइप करत बसेल, हे आम्हाला वाटलं तरी कसं? मग यादीच काढून टाकली आणि एकच प्रश्न ठेवला : आज काय उरलं? तो विचारतो रात्री साडेनऊला. जेवणं झाल्यावर मोठ्या भांड्यातलं लहान भांड्यात काढताना बाईच्या हातात ते उरलेलं असतं, आणि त्याचं पुढे काय होणार ते तिथेच ठरतं.

पाककृतींचं काम सगळ्यात मोठं निघालं. फोडणीची पोळी, वरणफळं, थालीपीठ कुणाला येत नाही? पण छापील कृतीत दोन वाट्या डाळ घ्या असं असतं, आणि आपल्याकडे असतं सव्वा वाटी वरण, तेही मीठ-फोडणी झालेलं. म्हणून प्रत्येक कृती आम्ही उलटीकडून लिहिली : उरलेलं किती ते आधी, बाकीचं त्याच्या मापाने. वरणफळांच्या आमच्या पहिल्या खेपेत मीठ इतकं झालं की कुणाला खाववेना. आता कृतीत स्पष्ट लिहिलेलं असतं की मीठ फक्त कणकेपुरतं आणि वाढवलेल्या पाण्यापुरतं घाला. फ्रिजमधल्या भाताला परतण्याआधी पाण्याचा हबका मारून वाफ द्या, हेही करून बघितल्यावरच लिहिलं. संगणकाकडून आयत्या कृती लिहून घ्यायचाही प्रयत्न केला. त्याने उपवासाच्या थालीपिठात हळद घातली. तेव्हापासून कृती आमच्याकडच्या बायकाच लिहितात आणि करून बघतात, संगणक फक्त जोड्या जुळवतो. नावांचं कामही त्याच सांभाळतात, कारण आमचा दोडका कोकणात शिराळं होतो आणि विदर्भात बटाट्याला आलू म्हणतात.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. चाचणी चालू असताना, मे महिन्यात, एका घरी रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात झाला. सुचवला होता आमच्या ॲपने. दोन्ही मुलांना उलट्या झाल्या. संध्याकाळपर्यंत ती सावरली. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि ॲप बंद ठेवलं. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तांदळात असू शकतात आणि ते शिजवूनही टिकतात. भात उबेत राहिला की जंतू वाढतो, आणि त्यामुळे उलट्या करणारं जे विष तयार होतं ते कितीही परतलं तरी जात नाही. ही माहिती आम्ही आधी का शोधली नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. आता भात निवडला की ॲप आधी विचारतं : शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवला होता का? उत्तर 'नाही' आलं तर कृती दिसतच नाही, "हा भात खाऊ नका" एवढंच दिसतं. "आम्ही वर्षानुवर्षं खातोय, काही होत नाही," असं अनेक जणी कळवतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण हा प्रश्न आम्ही काढणार नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी कुकर लावायच्या वेळी आठवण करतो : काल वाटीभर भात उरला होता, आज तांदूळ थोडे कमी घ्या. माझ्या मते ॲपमधली सगळ्यात उपयोगी ओळ हीच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिला आहे. हा आकडा जाहिरातीत ठळक छापा, असं आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलं. पण त्यात साली, बिया, हाडं असा न खाण्याचा भागही धरलेला असतो. म्हणून "इतके किलो वाचवा" असं वचन आम्ही कुणाला देत नाही.

पैशाचं सांगायचं तर ॲप घरांसाठी फुकट आहे आणि त्यातून काही मिळत नाही. मेस पुन्हा सुरू झाल्यावर जुनं काम परत आलं, पगार त्यावर निघतात. त्यातही आता मुलांना सकाळीच विचारतो, दुपारी जेवायला आहात का? आकडा काकूंच्या फोनवर जातो आणि कणीक त्या अंदाजाने भिजते. पोळ्यांची चळत बरीच खाली आली आहे.

सध्या आईची ती शिरांची चटणी मापात बसवतोय. शिरा कोवळ्या की जून, त्यावर तेल आणि भाजायचा वेळ बदलतो, आणि आईचं माप आहे "हाताला कुरकुरीत लागेपर्यंत". चौथ्या वेळची चटणी परवा झाली. आईने चिमटीत घेऊन बघितली आणि म्हणाली, "अजून थोडी भाज."