बोल म्हणू नका, खेळता खेळता थांबा

लेकरू अडीच वर्षाचं झालं अन् बोलत नाही हे कळलं की घरी येणारं प्रत्येक माणूस त्याले समोर उभं करून "आई म्हण, काका म्हण" चालू करते. लेकरू मान खाली घालते नाहीतर पळून जाते. माझ्या पोराचं हेच व्हायचं, अन् मला त्याचं फार वाईट वाटायचं, म्हणून ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिली.

यवतमाळला थेरपीवाल्या ताईनं सांगितलं, बोल म्हणायचं बंद करा, खेळा. पण रोज तोच खेळ, तेच शब्द, तीच चाल. तळहातावर मोर बसवायचा खेळ सगळ्यांना येते न, आधी तळहात, मग बोटं चालत चालत कोपरापर्यंत, मग काखेत गुदगुल्या. हा खेळ लेकराला पाठ होऊ द्यायचा. पुढं काय होणार हे त्याला पक्कं माहीत झालं की एक दिवस कोपराजवळ थांबायचं. काही बोलायचं नाही, फक्त त्याच्या तोंडाकडं बघायचं, मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं. हे थांबणं लय कठीण आहे, आपल्यालाच राहवत नाही.

तेवढ्यात लेकरू काहीतरी करते. डोळ्यात बघते, हात पुढं ढकलते, "अं" करते. हेच त्याचं बोलणं, लगेच गुदगुल्या करायच्या. "आधी नीट म्हण मग करतो" असा सौदा अजिबात नको, तसं केलं की खेळाचा पेपर होते आणि लेकरू उठून जाते.

आमच्याकडं दिवाळीनंतर समोरच्या खोलीत कापूस भरलेला असते, मामाजी त्याला उचलून "एक... दोन... तीन" म्हणत ढिगावर टाकायचे. (कापसानं अंगाला खाज सुटते, खेळून झालं की हातपाय धुवून कपडे बदला.) मी म्हटलं, "मामाजी, दोनवर थांबा न, त्याले सांगू द्या." ते थांबले, पोरगं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलं अन् "ती" म्हणालं. मामाजी म्हणे, "बाप्पा, हे तर बोलून राहिलं!" त्यानंतर घरात सगळ्यांनी एकच ठरवलं, आजी असो की काका, खेळाचे शब्द बदलायचे नाहीत. एकानं "एक दोन तीन" अन् दुसऱ्यानं "चल उडी मार" म्हटलं तर त्याला पुढचं ओळखायला जमत नाही.

जेरोम ब्रूनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात आया आणि बाळं बुवा-कुक कसं खेळतात ते बारकाईनं पाहिलं होतं. बाळ आधी नुसतं बघते, मग हळूहळू पदर स्वतःच ओढायला लागते, म्हणजे खेळ त्याच्या हातात जाते. मोबाईलवरचं गाणं लेकरासाठी कधी थांबत नाही, म्हणून त्यानं हे काम होत नाही असं माझं पक्कं मत आहे.

काही लेकरांना गुदगुल्या, उचलणं आवडत नाही, त्यांना जबरदस्ती नको. टोपल्याखाली चेंडू लपवा, तगारीतल्या पाण्यात गोटे टाका, जिथं त्याची नजर जाते तिथून सुरू करा. अन् त्याच्या समोर, त्याच्याएवढं खाली बसून.

आता महत्त्वाचं. "त्याचा बापही उशिराच बोलला होता" हे ऐकून थांबू नका. वर्षाचं झालं तरी बाय-बाय करत नाही, हातवारे नाहीत, दोन वर्षाचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, तर आधी कान तपासा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, सेविकेला आधीच नाव सांगून ठेवा. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचार केंद्राकडं पाठवतात, हे सगळं फुकट आहे. कानाची बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचते का ते यंत्रानं पाहतात) लेकरू झोपेत असताना होते, म्हणून जमलं तर त्याच्या दुपारच्या झोपेचीच वेळ मागून घ्या.