कुणाचा हा गोळा?

आज पन्हाळ्याच्या पायथ्याला मित्राच्या घरी गेलो होतो. नांगरटीत निघालेला लोखंडी गोळा त्याच्या आज्जीनं देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. "सिद्दी जौहरचा हाय बघ त्यो," ती म्हणाली.

हातात घेतला. केवढा जड! 1660 च्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी जौहरला तोफा पुरवल्या, हे खरंच. पण 1701 मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं गड वेढला, आणि 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ला राखणाऱ्या शिबंदीच्या, बंडात कंपनी सरकारनं तटावर तोफा डागल्या. वजन, व्यास, ओतकाम, सापडल्याची नेमकी जागा, एवढं तपासल्याशिवाय नाव कसं द्यायचं? आणि तो गडावरून खाली सुटलेला असेल तर?

आज्जीला विचारलं, कुठल्या बांधाला सापडला? तिनं लगेच जागा दाखवली. ती मी वहीत उतरवून घेतली.