घंटागाडी येते का?

सुट्टीत पुण्याला आलं की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्याकडे म्हणे कचरा पाइपातून जातो. मग घंटागाडी येतच नाही?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

येते. फक्त आमच्या दारात येत नाही. मी स्टॉकहोमच्या हामारबी श्योस्ताद भागात राहते. इमारतींच्या मधल्या चौकात गोल झाकणांचे खांब उभे आहेत: एक ओल्या कचऱ्याचा, एक जाळायच्या कचऱ्याचा, एक कागदाचा. पिशवीला घट्ट गाठ मारायची, झाकण उघडून आत सोडायची. ती तिथेच खाली पडून राहते. मग केव्हातरी झडप उघडते, हवा ओढली जाते आणि पिशवी जमिनीखालून ताशी ७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने वस्तीच्या कडेच्या केंद्रात जाऊन पडते. तिथले भरलेले कंटेनर न्यायला ट्रक येतो.

पाहुण्यांना यात जादू दिसते. मला पिझ्झाचा खोका दिसतो. झाकणाचं तोंड लहान. खोका न फाडता कुणी कोंबला की तो अडकतो, मागून येणारे आपापल्या पिशव्या खांबाच्या पायाशी ठेवून निघून जातात आणि लिफ्टमध्ये सोसायटीची चिठ्ठी लागते. माणसं इथून तिथून सारखीच.

मला कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. इथे पूर्वी कारखाने होते. ल्यूमा या बल्बच्या कारखान्याची इमारत अजून उभी आहे. तेल आणि जड धातू मुरून जमीन नासली होती. स्टॉकहोमला २००४ चं ऑलिम्पिक हवं होतं आणि पर्यावरणस्नेही क्रीडाग्राम इथे बांधायचं होतं. १९९७ मध्ये यजमानपद अथेन्सला गेलं. पण तोवर पाणी, ऊर्जा आणि कचरा बघणारी मंडळी एका टेबलाशी बसली होती, ती उठली नाहीत. ठरलं ते आधीच, एकत्र ठरलं. डांबर वाळायच्या आत केबलवाले रस्ता खणतात हे बघत वाढलेल्या मला याचं अप्रूप वाटणारच!

नव्वदीतल्या बांधकामापेक्षा पर्यावरणावरचा भार निम्मा करायचा, असं लक्ष्य होतं. ते पुरतं साधलं नाही. घरांना ठरवल्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते. समोर पाणी दिसावं म्हणून लावलेल्या मोठाल्या काचांचाही त्यात हात आहे. देखावा हवा तर उष्णता जाणार, त्याला इलाज नाही.

"त्या कचऱ्याचं पुढे काय?" हा जोडप्रश्न. जाळायचा कचरा शहराच्याच ह्योग्दालेन भागातल्या प्रकल्पात जातो, त्यातून वीज आणि घरं तापवायची उष्णता मिळते. सांडपाणीसुद्धा सुटत नाही. शुद्ध केल्यावरही त्यात ऊब उरते, ती इथल्याच उष्णता केंद्रातले हीट पंप काढून घेतात आणि पुन्हा शहरातल्या हीटिंगला देतात. आईला एवढं मात्र सांगितलेलं नाही. ती इथे आली की रेडिएटरवर सोवळं वाळत घालते.