डिझेलच्या टाकीचं लायनिंग आणि वळवाचा पाऊस

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत जनरेटरसाठी २०,००० लिटरची डिझेलची टाकी आहे. दर आठवड्याला फिल्टरमध्ये काळा बुळबुळीत गाळ यायला लागला, तेव्हा मेंटेनन्सवाला म्हणून मीच टाकी रिकामी करायला लावली. तळाशी पाणी साचलं की पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं आम्ल पत्रा खातं.

दोन दिवस ब्लोअर चालू ठेवला. मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के आणि ज्वलनशील वाफ शून्य दिसल्यावरच माणूस आत सोडला. गाळ ढवळला की वाफ पुन्हा सुटते, म्हणून मीटर त्याच्या छातीशीच ठेवला आणि मॅनहोलवर दोरी धरून दुसरा माणूस बसवला. यात मी कुणाचं ऐकलं नाही.

खरे खड्डे ब्लास्टिंगनंतर, म्हणजे ग्रिटचे धारदार कण हवेच्या जोरानं मारून पत्र्यावरचा गंज काढल्यावर दिसले. डिझेल किती आहे ते मोजायला ज्या नळीतून डिप रॉड म्हणजे मोजपट्टीची सळई खाली सोडतात, त्या डिप पाइपच्या बरोबर खाली सगळ्यात खोल खड्डा होता! वर्षानुवर्षं रॉड एकाच जागी आपटत होता. ६ मिलिमीटरच्या पत्र्यात तिथं जेमतेम ३ उरले होते. डिझेल साठवलेल्या टाकीत वेल्डिंग मला नको होतं. इपॉक्सी आणि ग्लास फायबरचे थर देऊन ती जागा भरायची आणि टाकीला आतून लायनिंग म्हणजे अस्तर करायचं ठरवलं.

दुपारी चारला पत्रा चांदीसारखा स्वच्छ झाला आणि अर्ध्या तासात वळीव कोसळला. हवेतली आर्द्रता ९२ टक्के. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त लागतं, ते १ अंशानंच जास्त होतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आत कुठं पाऊस पडतोय? मारूया की प्रायमर."

"मामा, सकाळी बघू," म्हणालो. रात्रभर झोप नव्हती.

सकाळी पत्र्यावर तांबूस झाक होती. बोट फिरवलं तर बोट लाल. मिस्त्री माझ्या बोटाकडं बघत राहिला, मग स्वतःच म्हणाला, "परत मारायला लागतंय." एक दिवस आणि ग्रिटची पोती गेली, मालकांची बोलणी मी खाल्ली. दुसऱ्यांदा ब्लास्टिंग झाल्यावर ऊन कडक होतं, दोन तासांत प्रायमर बसला.

थर पूर्ण वाळल्यावर स्पार्क टेस्टरचा ब्रश आतून फिरवला; लायनिंगला कुठं बारीक भोक राहिलं असेल तर तिथं ठिणगी उडते. शिडीच्या जोडापाशी तीन ठिकाणी ठिणगी उडाली, तेवढ्या जागा घासून पुन्हा भरल्या. डिप पाइपखाली मात्र एकदाही नाही. तिथं आता लायनिंगवर जाड चकती चिकटवली आहे, रॉड तिच्यावर टेकतो.